कृत्रिम पाय आणि यंत्रविद्या

दुसऱ्या महायुद्धाने सहस्रावधी तरुणांचे हातपाय हिरावून घेतले. त्यांना मिळणारे कृत्रिम पाय कारागिराच्या हातगुणावर उभे असत. शास्त्राचा आधार त्यांस थोडाच होता. ही उणीव दूर करण्यासाठी अमेरिकेत १९४५ साली संघटित संशोधनास आरंभ झाला. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात या कार्यास वाहून घेणारे यांत्रिकी अभियंते चार्ल्स रॅडक्लिफ यांची कामगिरी आपल्या ज्ञातीतील तरुणांनी मननपूर्वक अभ्यासावी अशी आहे.

तेथील संशोधनाचे एक प्रमुख, प्रा. हॉवर्ड एबरहार्ट, यांनी १९४४ सालच्या अपघातात स्वतःचा एक पाय गमावला होता. या दोघांच्या परिश्रमांतून १९५० नंतरच्या दशकात ‘सॅच’ नावाचे पाऊल सिद्ध झाले. त्यास घोट्याचा सांधाच नाही. आत लाकडी कणा आणि टाचेत मऊ रबराची पाचर, एवढीच त्याची रचना. टाच टेकताच पाचर दबते आणि पाऊल अलगद जमिनीस लागते. जो सांधा मुळातच नाही, तो झिजणार तरी कसा?

पुढे १९६१ साली रॅडक्लिफ व जेम्स फूर्ट यांनी गुडघ्याखालील पायासाठी नव्या खोबणीची पद्धत पुस्तिकेत मांडली. भार सहन करण्यास समर्थ अशा, गुडघ्याच्या वाटीखालील कंडरेवर त्यांनी त्याचा मोठा अंश सोपविला. त्यामुळे मांडीस आवळणारा चामडी पट्टा व बाजूच्या बिजागऱ्या पुष्कळांच्या बाबतीत अनावश्यक ठरल्या.

तथापि सॅच पाऊल बूट घालणाऱ्यांच्या देशात जन्मले. उकिडवे बसणारा, अनवाणी चिखल तुडविणारा आपला शेतकरी त्याने अडखळे. जयपूर येथे कारागीर रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९७० च्या सुमारास रबराचे लवचीक, बुटावाचून चालणारे पाऊल घडविले. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार लाभला. आपल्या पुण्यातही सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालीच स्थापन झाले होते.

बर्कलेचे गणित आणि जयपूरचा हातोडा यांचे सांगणे एकच: आधी माणसाचे जगणे मोजावे, मग यंत्र घडवावे. अभियांत्रिकीची पदवी घेणाऱ्या आमच्या मुलामुलींनी पूल व कारखाने अवश्य उभारावेत; परंतु पडलेल्या माणसास पुन्हा उभे करणे हेही त्याच विद्येचे कार्य आहे, याचा त्यांस विसर न पडो.