तानसाकाठची उन्हाळी आणि जमिनीतली भेग

१७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि वज्रेश्वरीचे देऊळ उभे राहिले, ही कथा होळीवरच्या श्रोत्यांना आम्ही सांगायला नको. देवीचे दर्शन झाले की लोक अकलोली-गणेशपुरीला कुंडात बुडी मारतात आणि पाणी ऊन का, हा प्रश्न तिथेच सोडून घरी येतात. आमचे आयुष्य कारखान्यांच्या दारांत गेले. हे शास्त्र आम्हांला कोणी शिकवले नाही. वाचनालयातून पुस्तके आणून जेवढे उमगले, तेवढे मांडतो.

खाली ज्वालामुखी धुमसतो आहे, ही समजूत आधी टाकून द्यावी. आपला काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो केव्हाच निवला. पण कोकणातली उन्हाळी पालघरपासून राजापूरपर्यंत जवळजवळ एका ओळीत आहेत. पावसाचे पाणी फटींतून खोल उतरते. खाली दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश उष्णता वाढते. तापलेले पाणी वर यायला वाट शोधते, आणि ती वाट म्हणजे प्रस्तरभंग: खडक तुटून सरकला ती जागा.

१९६६ साली केंद्र सरकारने उन्हाळ्यांच्या अभ्यासासाठी समिती नेमली. पुढे भूगर्भ सर्वेक्षण खात्याने लडाखमधील पुगा येथे आणि कोकणातही बोअर घेतले. कुंडात उष्णतामापक बुडवून भागत नाही, कारण वर येईतो पाणी निवते, थंड पाण्यात मिसळते. बोअरमध्ये तारेने उपकरण सोडतात. अखंड खडकात उष्णता सावकाश, सारखी वाढत जाते; ऊन पाणी शिरते तिथे आलेखाची रेघ एकदम वाकते. त्याच खोलीवर छिद्राच्या भिंती ढासळून ते रुंदावलेले असेल आणि विजेला होणारा विरोध उतरलेला असेल, तर भेग तिथेच असण्याचा संभव फार. मात्र खोदताना सोडलेल्या गाळपाण्याने बोअर थंड झालेली असते. ती मूळपदावर येईपर्यंत थांबावे लागते, आणि थांबणे हे कंत्राटदाराच्या स्वभावात नसते!

न्यूझीलंडमध्ये २०१४ साली आल्पाइन प्रस्तरभंगाशेजारी ८९३ मीटर बोअर नेली. तिथे उष्णता दर किलोमीटरला सुमारे १२५ अंशांनी वाढत होती. फुटक्या खडकातून फिरणाऱ्या पाण्याने ती वर आणलेली. आपल्याकडेही ही विद्या आहे. १९६७ च्या भूकंपाने हादरलेल्या कोयनेच्या परिसरात, गोठणे येथे, २०१६-१७ साली तीन किलोमीटर बोअर घेतली. हेतू ऊर्जेचा नव्हता, भूकंपाचा होता. सुमारे सव्वा किलोमीटर काळा पाषाण संपल्यावर खाली ग्रॅनाइटी खडक लागला.

ऊर्जा आणि भूकंप ही दोन खाती कागदावर निराळी. जमिनीत भेग एकच. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराखाली उष्णतेसाठी पाच किलोमीटर बोअर नेऊन दाबाने पाणी भरले. डिसेंबर २००६ मध्ये ३.४ प्रतीचा धक्का बसला, आणि अखेर प्रकल्पच गुंडाळावा लागला. आपल्या जिल्ह्यात २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे धक्के बसू लागले, ते कोणी बोअर मारल्यामुळे नव्हे. पण भर थंडीत माणसे घराबाहेर निजली, हे आपण जाणता.

म्हणून आमची मागणी अशी: तानसाकाठी कोणी यंत्र उभे करील, तर त्याने आधी वर्षभर भूकंपमापक बसवावेत, आणि बोअरचे आकडे दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लावावेत. खोदणाऱ्या मजुरांनाही ते वाचता आले पाहिजेत. गरम वाफेच्या तोंडाशी उभे तेच राहणार आहेत.