एक डॉलर, दहा वर्षे

उकव्याच्या खाणीच्या आसऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी कुटुंबांतील मुली आता बालाघाट, जबलपूर, नागपूर येथे शिकावयास जातात. तेथे चार मैत्रिणी मिळून एखादे मंडळ काढतात. पहिले वर्ष उत्साहात जाते. मंडळ काढणाऱ्या मुली पदवी घेऊन बाहेर पडल्या की मंडळही संपते. शाखा काढणारीच्या पश्चात ती टिकावी कशी, ह्या प्रश्नाचे एक उत्तर एकोणिसाव्या शतकात पंडिता रमाबाईंच्या अमेरिकेतील कार्यात सापडते.

अमेरिकेत मुलींना महाविद्यालयांची दारे उघडली, तरी विद्यार्थ्यांच्या बंधुसंघांत त्यांना स्थान नव्हते. तेव्हा त्यांनी आपले भगिनीसंघ काढले. १८६७ मध्ये इलिनॉयमधील मॉनमथ महाविद्यालयात बारा विद्यार्थिनींनी स्थापिलेला संघ पुढे 'पाय बीटा फाय' ह्या ग्रीक अक्षरांनी ओळखला गेला. १८७० मध्ये इंडियानात 'कॅपा अल्फा थीटा' निघाला. एके ठिकाणी मूळ संघ, इतरत्र त्याच्या शाखा, अशी ती रीत होती.

आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी रमाबाई १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियास पोहोचल्या आणि १८८८ पर्यंत त्या देशात हिंडल्या. उच्चवर्णीय हिंदू विधवांसाठी शाळा काढावी, हा त्यांचा ध्यास. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन येथे 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली आणि गावोगावी तिची 'रमाबाई-मंडळे' निघाली. आरंभीच्या मंडळांत कॉर्नेल विद्यापीठातील मंडळ होते. सभासदाने वर्षास एक डॉलर, दहा वर्षे द्यावयाचा, एवढाच करार.

जन्मभर सरकारी टिपण्या लिहिण्यात गेल्यामुळे की काय, आम्हांस ह्या दोन आकड्यांचे फार कौतुक वाटते. डॉलर विद्यार्थिनीस झेपणारा, आणि वचन महाविद्यालयाशी नव्हे तर व्यक्तीशी बांधलेले. मुलगी पदवी घेऊन, लग्न होऊन कोठेही गेली तरी तिचा डॉलर चुकत नाही. शिवाय मुदत ठरलेली असल्याने मुंबईत शाळा काढणाऱ्या बाईंना किती वर्षे हात पुरेल, हे आधीच कळते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' उघडले. (आनंदीबाईंचे पदवीदानही ११ मार्चचेच.) तेथे शिकलेली पहिली विधवा म्हणजे गोदूबाई. त्यांचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये झाला, आणि तोही ११ मार्चलाच!

त्याच वर्षी सदनावर मोठे संकट आले. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे वचन होते. परंतु त्याचा अर्थ दोन तीरांवर दोन प्रकारे लावला गेला. रमाबाईंच्या मते कोणावर सक्ती नाही, म्हणजे वचन पाळले गेले. त्यांच्या प्रार्थनेस कोणी मुलगी आपण होऊन आली, तर दार लावावयाचे नाही. पुण्यातील पालकांच्या मते ख्रिस्ती धर्माचा वाराही लागू नये, हेच ते वचन. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली, न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून दूर झाले, कित्येक मुली घरी नेल्या गेल्या. कोणाच्या सचोटीविषयी आम्हांस शंका नाही. पैशाचा करार काटेकोर लिहिला गेला आणि ह्या एका शब्दाचा अर्थ मात्र मोघम राहिला, हे खरे दुखणे.

तरीही डॉलर येत राहिले, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. १८९८ मध्ये दहा वर्षांची मुदत भरली, जुनी संस्था विसर्जित झाली आणि 'अमेरिकन रमाबाई असोसिएशन' ह्या नावाने नवी उभी राहिली.

इकडे गोदूबाई म्हणजे बाया कर्वे आपल्या पतीच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गण्या गोळा करू लागल्या होत्या. त्यांची धाकटी विधवा बहीण पार्वतीबाई आठवले याच कामाला लागली. पुढे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास पार्वतीबाई इंग्रजी शिकण्यासाठी एकट्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे घरकाम करून त्यांनी आपला निर्वाह चालविला.