काठी किती लांब असावी?

गळाने मासे धरणारी माणसं दोन गोष्टींवरून हमखास भांडतात. एक, सुटून गेलेला मासा केवढा होता. आणि दुसरी, काठी किती लांब असावी. पहिल्या भांडणाचा निकाल लागणं शक्यच नाही. :) दुसऱ्याचा लागू शकतो, पण त्यासाठी थोडा इतिहासात गळ टाकायला लागतो.

आमच्या घरातला हा वाद ताजा आहे. चाकणच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या भाच्याला हल्ली मासेमारीचं वेड लागलंय. सुट्टीच्या दिवशी तो आणि त्याचे मित्र भामा नाहीतर पवनेच्या काठी असतात. "मामा, सगळे म्हणतात सात फुटी घे. घेऊ का?" असं त्याने विचारलं. हे "सगळे" म्हणजे इंटरनेटवरचे अमेरिकन लोक. ते बोलतात बास नावाच्या माशाबद्दल, आणि तो मासा आपल्या नद्यांचा नाहीच. उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांतला आणि नद्यांतला तो शिकारी मासा. तिकडे बहुतेक मंडळी होडीत उभं राहून त्याला धरतात. त्यामुळे पाठीमागे झाड नाही, पुढे गाळ नाही, आणि मासा दमला की हाताच्या अंतरावर. अशा माणसाला सहा-सात फुटांची काठी पुरते. फार पूर्वी तर ते पाच-साडेपाच फुटांच्या काठीवरही भागवत. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या डी थॉमस नावाच्या माणसाने लांब काठीने झुडपांत अलगद आमिष सोडायची पद्धत स्पर्धांत आणली, आणि मग काठीच्या लांबीवर मर्यादा घालायची वेळ आली. नंतर अनेक वर्षं तिथल्या मोठ्या स्पर्धांत आठ फुटांपेक्षा लांब काठी चालत नसे. म्हणजे ज्या आकड्यांवर आपली पोरं विसंबतात त्यामागे त्या देशातलं पाणी, तिथल्या होड्या आणि तिथल्या स्पर्धांचे नियम आहेत. पवनेचा त्यांच्याशी काय संबंध?

आता आपल्याकडे येऊ.

माझे आजोबा पवनेवर गळ टाकायचे. जाळं लावणं हे भोयांचं काम, त्यात ते कधी पडले नाहीत. त्यांची काठी म्हणजे कळकाचा एक सरळ शेंडा, आढ्याला टांगून सावलीत वाळवलेला. लांबी हातात मोजायची, दहा-अकरा हात, म्हणजे पंधरा फुटांच्या वर. शेंड्याला दोरी, दोरीला गळ, मध्ये ज्वारीच्या ताटातलं भेंड तरंगायला. आमिष म्हणजे कणकेची गोळी नाहीतर गांडूळ. रीळ हा प्रकारच नव्हता. आत्याला ती काठी नक्की आठवत असेल, कारण तिला ओलांडलं की बोलणी बसायची.

एवढी लांब काठी हौस म्हणून नव्हती. रीळ नसेल तर दोरी साधारण काठीएवढीच ठेवता येते, नाहीतर लागलेला मासा काठाशी ओढायचा कसा? म्हणजे तुमची पोच म्हणजे काठी अधिक दोरी, बस्स. डोहाच्या मध्यावर पोचायचं तर काठी वाढवा. जगभर रीळ येण्याआधी हाच हिशोब होता.

ह्या डोहांत तेव्हा काय होतं? त्याचं उत्तर एका इंग्रज लष्करी माणसाने लिहून ठेवलंय. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून १८२० च्या दशकात दख्खनभर फिरले. माणसं, पिकं, हवामान, पक्षी, मासे, जे दिसेल ते त्यांनी नोंदलं. पुढे १८५६ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्षही झाले. दख्खनच्या माशांवरचं त्यांचं काम १८३९ च्या सुमारास लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. मला त्यातली आवडणारी गोष्ट अशी की शास्त्रीय नावं देताना त्यांनी बऱ्याचदा इथल्या लोकांच्या तोंडचे शब्दच उचलले. कोलस, मुसुल्ला, सिंघाला आणि खुद्री. त्यातला खुद्री म्हणजे आजचा 'टॉर खुद्री', निळ्या परांचा महासीर. ज्या नमुन्यावरून तो जगाला कळला तो पुण्याच्या पूर्वेला सुमारे आठ मैलांवर, मुळा-मुठेतला. पवना दापोडीला मुळेला मिळते. म्हणजे पिंपरी-चिंचवडचं पाणी ज्या नदीत जातं, त्याच नदीत ह्या राजाचं बारसं झालं!

महासीर हा काठीचा कस बघणारा मासा. जोरकस, खडकाळ वाहत्या पाण्यातला, गळ लागला की प्रवाहाबरोबर सुसाट पळणारा. मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक काढलं, त्यात महासीर हाच नायक. साहेब लोक इकडे येताना विलायतेतल्या सामन माशाच्या काठ्या घेऊन यायचे. सोळा-अठरा फुटांच्या, दोन्ही हातांनी धरायच्या, दक्षिण अमेरिकेतल्या ग्रीनहार्ट लाकडाच्या जडशीळ काठ्या. लांबीचा हिशोब केला तर साहेब आणि आजोबा एकाच जागी उभे. फरक काठीच्या किमतीचा आणि बुटांचा. :)

आणि इथे एक गंमत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत बांबूच्या उभ्या चिपा काढून, त्या सहा चिपा षटकोनात चिकटवून काठी करायचं तंत्र भरभराटीला आलं. त्यासाठी लागणारा बांबू जायचा आपल्याकडून! कलकत्त्याहून जहाजाने जायचा म्हणून त्याचं नावच 'कलकत्ता केन'. आपल्याकडच्या भरीव मानवेलीच्या जातीचा. विसाव्या शतकात चीनच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. पण जगातल्या नामांकित काठ्यांच्या पहिल्या पिढीत हिंदुस्थानी बांबू होता, हे आपल्या पोरांना कोणी सांगत नाही.

मग काठी आखूड कधी झाली? उत्तर एका शब्दात द्यायचं तर रिळाने. १९०५ मध्ये इंग्लंडमधल्या अल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी स्थिर फिरकीच्या रिळाचं पेटंट घेतलं. त्यात आमिष फेकताना फिरकी फिरत नाही, दोरा नुसता उलगडत जातो. त्यामुळे हलकं आमिषही लांब जायला लागलं. पोच काठीच्या लांबीवर अवलंबून राहिली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंच्या काठ्या आल्या, आणि १९७३ च्या सुमारास अमेरिकेतल्या फेन्विक कंपनीने कार्बनतंतूंची काठी बाजारात आणली. विमानांसाठी विकसित झालेलं ते द्रव्य. बांबूची पंधरा फुटी काठी तासाभरात खांदे भरून आणते, कार्बनची दहा फुटी एका हाताने दिवसभर पेलता येते.

म्हणजे आज लांबी ही सक्ती राहिली नाही, निवड झाली. आणि निवड करायची तर काठीचं काम कळायला हवं.

काठी म्हणजे एक तरफ. पण ही तरफ तुमच्या बाजूने नाही, माशाच्या बाजूने आहे! दहा फुटांच्या टोकाला मासा ओढतो तेव्हा तुमच्या मनगटाला सात फुटांच्या काठीपेक्षा जवळजवळ दीडपट पीळ बसतो. सुदैवाने काठी वाकते, आणि वाकली की ती जणू आखूड होते, म्हणून मनगट वाचतं. उलट फेकताना लांब काठीचं टोक जास्त वेगाने फिरतं, आमिष लांब जातं. लांब काठीने दोरा पाण्याच्या वर उचलून धरता येतो, काठच्या दगडांवर तो घासत नाही. आखूड काठीने नेम चांगला लागतो, झाडाखाली वावरता येतं, आणि माशाला जोरात दाबता येतं. सगळे फायदे एका काठीत मिळत नाहीत. हे लग्नासारखंच आहे. असो.

आता हा हिशोब आपल्या पट्ट्यात लावून बघा. पवनेचं धरण १९७२ मधलं. धरणाच्या काठावर मोकळं पाणी, वारा, उथळ उतार. तिथे नऊ-दहा फूट उपयोगी, कारण मासा लांब असतो. (परवानगी आणि ठेकेदाराचा हक्क आधी विचारून घ्या, नाहीतर लांबी वेगळ्याच कारणाने मोजली जाईल!) रावेतच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला बाभळी आणि घाणेरीची जाळी, तिथे सहा-साडेसहा फूट. आणि खाली, चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीपाशी किंवा त्याच्याही पुढे? तिथे उन्हाळ्यात बऱ्याचदा जलपर्णीची हिरवी सतरंजी अंथरलेली असते. तिच्यावरून दोरा उचलून धरायचा तर पुन्हा दहा-बारा फूट हवेत. शंभर वर्षांत लांबी फिरून तिथेच आली. आजोबांना लांब काठी लागायची डोह खोल आणि रुंद होता म्हणून. आज लागेल ती पाणी दिसत नाही म्हणून.

ह्यातलं दुखणं तिथेच आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मग एकामागून एक कारखाने आले, १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. ह्या कारखानदारीने आमच्यासारख्या कितीतरी घरांची चूल पेटवली, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या केंद्रीय यादीत पवना, इंद्रायणी, मुळा, मुठा, भीमा ही सगळी नावं ओळीने होती. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस आता दर वारीच्या बातम्यांत दिसतो. देहूच्या डोहातले मासे पूर्वापार कोणी धरत नसे. श्रद्धेने राखलेलं ते अभयारण्यच होतं. गळापासून मासा वाचवायची रीत आपल्याकडे होती. सांडपाण्यापासून वाचवायची रीत आपण अजून बसवतोय. आता शहरातल्या पाण्यात भाच्याच्या गळाला लागते ती मुख्यत्वे चिलापी, आणि कधी आफ्रिकन मागूर, ज्याच्या पालनावर २००० साली बंदी आली. दोन्ही परके.

आणि खुद्रीचं काय झालं? तो वाचला, पण वेगळ्या वाटेने. इंद्रायणीच्या उगमाकडे, लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाशेजारी १९७० च्या दशकात महासीरची कृत्रिम पैदास सुरू झाली. तिथून लाखो पिल्लं देशभर गेली. हे काम मोठंच. पण ती कावेरीतही सोडली गेली, आणि तिथे आधीपासून कुबड असलेला दुसरा महासीर राहत होता. मैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने १९४६ मध्ये १२० पौंडांचा विक्रमी महासीर धरला तो कावेरीच्या खोऱ्यातच. आपला निळ्या परांचा पाहुणा फोफावला, आणि तो कुबडवाला मागे हटत गेला. २०१८ मध्ये त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' म्हणून झाली.

हे शास्त्रज्ञांना कळलं कशावरून माहितीये? गळ टाकणाऱ्यांच्या वह्यांवरून! कावेरीकाठच्या मासेमारी शिबिरात हौशी मंडळी मासा धरून सोडून देत, आणि कुठल्या दिवशी कुठला केवढा लागला ते लिहून ठेवत. १९९८ ते २०१२ ह्या काळातल्या त्या नोंदी तपासल्या तेव्हा एकाचा चढता आणि दुसऱ्याचा उतरता आलेख समोर आला. कुणाच्याही हिशोबी नसलेल्या त्या वह्या एका माशाची साक्ष ठरल्या.

आमच्या घरात अशी वही नाही. आजोबा लिहिणाऱ्यातले नव्हते. कुठल्या डोहात काय लागायचं, कुठल्या सालापासून लागेनासं झालं, हे त्यांच्याबरोबर गेलं. राहिली फक्त काठीची लांबी, तीही हातात मोजलेली.

म्हणून भाच्याला मी सांगितलं ते असं. एकच घ्यायची तर आठ फुटी घे, दोन तुकड्यांची, म्हणजे मोटारसायकलवर नाहीतर लोणावळा लोकलमध्ये मावेल. धरणाला थोडी तोकडी, झाडीत थोडी लांब, पण दोन्हीकडे निभावेल. आणि तिच्यासोबत दहा रुपयांची एक वही घे. तारीख, जागा, पाण्याचा रंग, काय लागलं, काय नाही लागलं. जास्त करून काय नाही लागलं.

मावळातले, खेडचे, जुन्या पिंपरी गावातले जे कोणी वाचत असतील, त्यांनाही हीच विनंती. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पवनेत, इंद्रायणीत काय मिळायचं, कुठे मिळायचं, गळाची काठी किती हात असायची. खालच्या प्रतिक्रियेत लिहा, नाहीतर स्वतःच्या वहीत. आत्या, सुरुवात तू कर. तुला काठीखेरीज माशांची नावंही आठवत असणार.