ड्रिलच्या पोटातला हातोडा

१/८
काँक्रीटला भोक पाडणाऱ्या रोटरी हॅमरच्या पोटात एक खराखुरा हातोडा असतो. मोटारीशी मात्र तो कोठेही जोडलेला नसतो. मग तो घाव घालतो कसा? या रचनेचा इतिहास आल्प्स पर्वतातील एका बोगद्यापासून सांगावा लागतो.

२/८
आज फ्रान्स व इटली यांना जोडणाऱ्या फ्रेजूस रेल्वे बोगद्याचे काम १८५७ मध्ये सुरू झाले, ते हाताने. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा. प्रत्येक घावानंतर पहार किंचित फिरवायची. मग भोकात दारू ठासून खडक उडवायचा.

३/८
१८६१ मध्ये अभियंता जेर्मां सोमेये यांचे दाबलेल्या हवेवर चालणारे यंत्र तेथे आले. त्यात पहार दट्ट्यालाच जोडलेली असून त्याच्याबरोबर पुढे-मागे धावे. काम वेगाने सरकले आणि १८७१ मध्ये बोगदा खुला झाला. पण प्रत्येक घावाला पहारीचा सारा भार हलवावा लागे.

४/८
१८९० च्या दशकात अमेरिकेतील जे. जॉर्ज लेनर यांनी दोघांची फारकत केली. पहार खडकाला टेकलेली राहिली आणि मोकळा दट्ट्या तिच्या डोक्यावर आपटू लागला. घण आणि पहार हे जुने नातेच यंत्रात परतले.

५/८
भुगा बाहेर काढण्यासाठी लेनर यांनी पोकळ पहारीतून हवा सोडली. धुळीचे लोट उठले. ही सिलिकायुक्त धूळ फुप्फुसे कायमची निकामी करते. कोरड्या यंत्रांना खाणकामगारांनी ‘विधवा करणारे यंत्र’ असे नाव दिले. पुढे लेनर यांनीच पहारीतून पाणी सोडण्याची सोय केली.

६/८
१९३२ मध्ये जर्मनीच्या बॉश कंपनीने हेच तत्त्व विजेवर चालणाऱ्या हातयंत्रात आणले. मोटार नळकांड्यातील दट्ट्या मागे-पुढे हलवते. त्याच्यापुढे हवेचा कोंडलेला थर आणि त्यापुढे सुटा हातोडा. दबलेली हवा स्प्रिंगसारखी हातोड्याला पुढे फेकते, दट्ट्या मागे सरकताच ओढून घेते.

७/८
घाव बिटच्या मागच्या टोकावर बसतो, त्याच वेळी गिअर बिट फिरवत राहतात. मधल्या हवेमुळे उलटा हादरा बराचसा शोषला जातो. म्हणून यंत्रावर अंगाचा भार टाकावा लागत नाही.

८/८
यंत्राने घण घालणाऱ्याचे खांदे वाचवले. फुप्फुसांचा प्रश्न मात्र उरला. काँक्रीटच्या धुळीतही सिलिका असते. पाणी, धूळ ओढणारे यंत्र व योग्य मास्क हे त्यावरचे उपाय. तोंडाला बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवू शकत नाही.