दंड घातलेले लुगडे

इतिहासाच्या ग्रंथांत राजांच्या अंगरख्यांची आणि सरदारांच्या पागोट्यांची वर्णने पानोपानी सापडतात. पैठणीवर आणि शालूवर लेख लिहिले जातात. पण गावकुसाबाहेरची बाई काय नेसत होती, ते तिला कोठून मिळत होते, फाटल्यावर ती त्याचे काय करीत होती, हे प्रश्न इतिहासाचे आहेत असे कोणाला वाटलेच नाही. कापड हा बायकांचा विषय आणि चिंधी हा तर कोणाचाच विषय नाही, अशी आपल्या विद्वानांची समजूत दिसते. माझे म्हणणे असे आहे की, या देशात अस्पृश्याच्या अंगावरचे कापड ही कधीच केवळ गरिबीची गोष्ट नव्हती. तो कायदा होता. आणि आपल्या आज्यापणज्यांनी साध्या, जुन्या, फाटक्या कापडात स्वतःच्या हाताने जे बदल केले, तो त्या कायद्याविरुद्धचा लढा होता.

१

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी नियम घालून दिले आहेत. त्यांनी प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, दागिने घालायचे ते लोखंडाचे घालावेत आणि राजाज्ञेने ठरलेल्या खुणा अंगावर बाळगून फिरावे, असा त्यांचा आशय आहे. स्मृतिकाराला अस्पृश्य नुसता गरीब राहून चालत नव्हता; तो दुरून ओळखू यायला हवा होता. शिवाशिवीची व्यवस्था टिकवायची तर ही ओळख डोळ्यांना लगेच पटली पाहिजे. ते काम कापड आणि दागिना करीत होते.

हे जुन्या पोथीतले आहे, व्यवहारात असे काही नव्हते, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. आपल्या गावगाड्याकडे पाहावे. महारकीच्या हक्कांत मढ्यावरचे कापड होते. ते हक्क म्हणून मिळत होते, हे विशेष. ज्या समाजाला अपमानच हक्क म्हणून भोगायला लावला, त्या समाजाने तो हक्क सोडणे हेच बंड ठरते. इंदूर भागातल्या बलाई जातीवर १९२८ साली सवर्णांनी लादलेली बंधने बाबासाहेबांनी ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या १९३६ सालच्या प्रबंधात नोंदवली आहेत. बलाई पुरुषांनी जरीकाठी पागोटे बांधायचे नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, नक्षीदार झगे आणि चोळ्या घालायच्या नाहीत. मनू आणि १९२८ यांच्यामध्ये किती शतके गेली? धोतराचा काठ मात्र अजून कायद्याच्याच ताब्यात होता.

२

आमचा वऱ्हाड म्हणजे कापसाचा मुलूख. १८५३ मध्ये निजामाकडून हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, येथल्या कापसाला परदेशात मोल आले. अकोला, अमरावती, खामगावच्या बाजारांत गाड्यांच्या रांगा लागल्या. रेल्वे आली, जिन आले, गाठी मुंबईमार्गे इंग्लंडला जाऊ लागल्या.

या पऱ्हाटीचे निंदण आणि वेचणी करणारे हात कोणाचे होते, हे सांगायला नको. पण याच हातांना आणखी एक कला येत होती, याचा मात्र विसर पडला आहे. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातले अनेक महार विणकर होते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या जातिविषयक ग्रंथातही महारांच्या जाडेभरडे कापड विणण्याच्या धंद्याची नोंद आहे. गावातल्या कष्टकऱ्यांच्या अंगावरचे पासोडीचे आणि धोतराचे कापड पुष्कळ ठिकाणी महाराच्या मागावरून उतरत असे. म्हणजे ज्याच्या स्पर्शाने विटाळ होत होता, त्याने विणलेले कापड अंगाला चालत होते!

मग विलायती कापड आले. १८६० च्या दशकात रिव्हेट-कार्नाक नावाचा कापूस कमिशनर येथे होता. रेल्वेने स्वस्त विलायती कापड आत येईल, देशी विणकराचा धंदा बसेल आणि मोकळे झालेले हात कापसाच्या शेतात मजुरीला मिळतील, असा त्याचा हिशोब होता. तो हिशोब त्याने लपवलाही नाही. माग गेले आणि विणकर वावरात मजूर झाला. त्याच्या बायकोने कापूस वेचायचा, तो मँचेस्टरला जायचा, तेथून लुगडे होऊन यायचे आणि ते विकत घ्यायला तिच्याजवळ पैसा नसायचा. उरले ते मालकिणीचे उतरलेले जुनेर.

३

या जुनेराचे आपल्या बायांनी काय केले, हा माझ्या मते या इतिहासाचा सर्वांत मोलाचा भाग आहे.

नऊवारी लुगडे एकदम फाटत नाही. बसण्याउठण्याच्या जागी ते आधी विरते. दोन्ही टोके बरी राहतात. विरलेला मधला भाग कापून काढायचा आणि चांगले तुकडे आडवे जोडून शिवायचे, किंवा दुसऱ्या जुनेराचा बरा तुकडा मध्ये घालायचा. या जोडाला दंड म्हणतात. दंड घातलेले लुगडे नेसणे हीसुद्धा एक कला होती. शिवण निऱ्यांत लपली पाहिजे आणि पदर खांद्यावर नीट आला पाहिजे. दोन वेगवेगळ्या काठांची लुगडी जोडायची वेळ आली, तर कोणता काठ बाहेर दिसू द्यायचा हे बाई विचार करून ठरवीत असे. लुगडे दंडालाही दाद देईनासे झाले की त्याची चोळी व्हायची, मग पोराचे अंगडे, मग बाळाचे दुपटे. शेवटी राहिलेल्या चिंध्या थरावर थर रचून, कडेकडेने आत येत जाणाऱ्या धावदोऱ्याने शिवल्या की गोधडी व्हायची. गोधडीचेही शेवटी पोतेरे व्हायचे. कापडाचा एक धागा वाया जात नव्हता.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. मी शाळेत जात होतो तेव्हा घरात इस्त्री नव्हती. पितळी तांब्यात चुलीतला विस्तव भरून माझी आई गणवेशावरून फिरवीत असे. सदऱ्याला ठिगळ असे, पण ते आतल्या बाजूने असे आणि त्याचा रंग सदऱ्याशी जुळलेला असे. हे माझ्या एकट्याच्या घरचे नाही. आपल्यापैकी शिकून नोकरीला लागलेल्या दोन-तीन पिढ्या अशाच तांब्याच्या इस्त्रीतून बाहेर पडल्या आहेत. आज शहरात फाटक्या विजारी आणि ठिगळांचे झोळे मोठ्या किमतीला विकले जातात. जुन्याचे नवे करण्याचे वर्ग भरतात. भरोत बापडे. ज्याला ठिगळ लावायचे की नाही हे ठरवता येते, त्याला ते शोभते. आपल्या आईला ते ठरवता येत नव्हते. ठिगळ कसे लावायचे एवढेच तिच्या हातात होते. आणि जेवढे हातात होते, तेवढ्यात तिने माणसाची अब्रू राखली.

४

पण अब्रू राखणे वेगळे आणि कायदा मोडणे वेगळे. हा दुसरा टप्पा १९२७ सालचा आहे.

त्या वर्षीच्या १३ नोव्हेंबरला अमरावतीच्या इंद्रभुवन नाट्यगृहात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. विषय होता अंबादेवीच्या मंदिर प्रवेशाचा. त्यानंतर सहा आठवड्यांनी महाडला २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती जाळली गेली. हे सर्वांना पाठ आहे. पण २७ डिसेंबरला बाबासाहेबांनी महाडला जमलेल्या स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले, ते आपण स्त्रीशिक्षणाच्या सदरात टाकून मोकळे होतो. वास्तविक ते भाषण म्हणजे मनुस्मृतिदहनाचा पुढचा भाग आहे.

बाबासाहेबांनी त्या दिवशी लुगड्याविषयी आणि दागिन्यांविषयी सांगितले. तुम्ही ज्या तऱ्हेने लुगडे नेसता, तीच तुमच्या अस्पृश्यतेची साक्ष देते, तेव्हा ती तऱ्हा बदला. गळ्यातल्या गळसऱ्यांचे ढीग आणि कोपरापर्यंतचे कथलाचे, चांदीचे दागिने हीही ओळखीची खूण आहे, ती उतरवा. कपडा फाटका असला तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या. असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. आता मनूचे नियम याच्या शेजारी ठेवून पाहावे. तेथे खूण बाळगण्याची आज्ञा आहे आणि येथे खूण पुसण्याची हाक आहे. दोन दिवसांपूर्वी कागद जळाला होता. आता तोच कायदा अंगावरून उतरवायचा होता.

आणि बाबासाहेबांनी नवे लुगडे घ्या असे म्हटले नाही. ते म्हणालेच असते, तर त्या घरांतून पैसा कोठून यायचा होता? तेच लुगडे वेगळ्या तऱ्हेने नेसायला दमडी लागत नव्हती. परिषदेला आलेल्या स्त्रियांनी ते तेथेच करून दाखवले. कोकणात गुडघ्याशी नेसलेली लुगडी घोट्यापर्यंत खाली आली. सुधारकांच्या घरच्या स्त्रियांनी त्यांना नेसायला मदत केली. शतकांची खूण पुसायला त्या बायांना एक रात्र पुरली. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास जमवला नसता, तर या बाया आपल्या इतिहासात आल्याही नसत्या.

५

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. सवर्ण बाईसारखे लुगडे नेसणे हे अनुकरण नव्हे काय? १९५२ साली श्रीनिवासांनी ‘संस्कृतीकरण’ हा शब्द रूढ केल्यापासून आपल्या प्रत्येक बदलाला ही चिठ्ठी चिकटवण्याची विद्वानांना सवय लागली आहे.

अनुकरण करणाऱ्याला वरच्याच्या पंगतीत जागा हवी असते. महाडच्या स्त्रियांना पंगतच मोडायची होती. ज्या रात्री धर्मग्रंथ जाळला, त्याच परिषदेत त्या ग्रंथाच्या मालकांचे शिष्य होण्यासाठी कोणी लुगडे बदलत नाही. आणि वरच्या जातींनी याकडे कधी कौतुकाने पाहिले आहे? त्रावणकोरात नाडर स्त्रियांनी अंग झाकण्यासाठी दीर्घ लढा दिला. १८५९ मध्ये परवानगी मिळाली तीही वरच्या जातीच्या स्त्रियांसारखे वस्त्र घ्यायचे नाही या अटीवर. तेथेच १९१५ मध्ये अय्यनकाळींच्या हाकेसरशी पेरिनाड येथे पुलया स्त्रियांनी गळ्यातल्या दगडी मण्यांच्या माळा तोडून टाकल्या. त्या माळा म्हणजे जातीचे जोखड होते. महाडच्या बारा वर्षे आधीची ही गोष्ट आहे. देशाच्या दोन टोकांना, एकमेकींना न ओळखणाऱ्या बायांनी तेच केले, कारण दोघींच्या गळ्यात तोच कायदा होता.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. जातीची खूण बाईच्या अंगावर आणि ती पुसण्याची जबाबदारीही बाईवरच, असे झाले. घरचे पाणी, वावरातली मजुरी, त्यावर समाजाच्या अब्रूचे ओझे तिने वाहिले. पण ती नुसती ओझे वाहणारी राहिली नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी आमच्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या, आणि समोर हजारो स्त्रिया. लुगडे नीट नेसायला सांगावे लागले त्याला अवघी पंधरा वर्षे झाली होती. आता त्या घटस्फोटाच्या हक्काचे आणि कामगार स्त्रीच्या रजेचे ठराव करीत होत्या.

६

खूण पुसून झाल्यावर आपली स्वतःची खूण कोणती? याचे उत्तर १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात मिळाले. बाबासाहेबांच्या अंगावर पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट होता आणि समोर पांढऱ्या वस्त्रांतला समाज. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या बाया सांगत की, ज्यांना नवे पातळ घेणे जमले नाही त्यांनी होते तेच सोड्यात उकळून, निळीत बुडवून पांढरे केले. मढ्यावरचे कापड ज्यांच्या वाट्याला होते, त्यांनी स्वतः धुतलेले पांढरे वस्त्र नेसून नवा जन्म घेतला. हे कोणाचे अनुकरण होते?

याच वऱ्हाडात आणखी एका माणसाने चिंध्यांना वेगळा अर्थ दिला. १८७६ साली शेंडगावी परिटाच्या घरी जन्मलेले गाडगेबाबा ठिगळांची गोधडी पांघरीत, एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा घालीत. मनूने सक्तीने लादलेले वेषच त्यांनी आपणहून घेतले आणि ते घालून सवर्णांचा गाव झाडला. बाबासाहेब उत्तम सूट वापरीत. काहींना या दोघांत विरोध दिसतो. मला दिसत नाही. ज्या समाजाला कोट नाकारला गेला, त्याच्या नेत्याने कोट घालणे आणि ज्या समाजाला चिंधीची किळस होती, त्याच्यापुढे संताने चिंधी घालून उभे राहणे, ही एकाच लढ्याची दोन कामे आहेत. दोघेही १९५६ च्या डिसेंबरात चौदा दिवसांच्या अंतराने गेले. आज अकोला-अमरावतीच्या खेड्याखेड्यांत निळ्या कोटातला पुतळा उभा आहे. फेटा बांधून घोड्यावर बसलेल्या दलित नवरदेवाला खाली उतरवल्याच्या बातम्या देशात अजून येतात, तोवर त्या कोटाचे काम संपलेले नाही.

७

बाबासाहेबांचे कपडे नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात जपून ठेवले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. पण दंड घातलेली लुगडी कोणी जपायची? त्यांच्या गोधड्या झाल्या आणि गोधड्यांची पोतेरी झाली. हा इतिहास लिहून ठेवणाऱ्याची वाट पाहत बसला नाही. तो झिजून गेला. राहिला असेल तो काही म्हाताऱ्या बायांच्या आठवणीत आणि काही घरांच्या माळ्यावर.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे साधे आहे. दिवाळीच्या सुटीत गावी जाल तेव्हा घरची जुनी गोधडी उन्हात उलगडा. आजी असेल तर तिला शेजारी बसवा आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारा : हे लुगडे कोणाचे, कोणी दिले, किती मजुरीला आले, दंड कोणी घातला, गळसरी कधी उतरवली आणि उतरवल्यावर गावाने काय म्हटले. ती सांगेल ते तिच्याच बोलीत, तिच्या नावासह आणि गावासह वहीत उतरवून घ्या. आपल्याला ही वही आजवर कोणत्याही ग्रंथालयाने दिलेली नाही. ती आपणच शिवायची आहे.