स्वप्नातला गुरूपदेश

वेरूळच्या परिसरातील देवगाव रंगारी येथे, गावचे कुलकर्णपण सांभाळणाऱ्या आऊजींच्या घरी, १६२८ च्या सुमारास जन्मलेल्या संत बहिणाबाईंचा विवाह बालपणीच शिऊरच्या बिजवराशी झाला. पुढे कुटुंब कोल्हापुरास असता जयरामस्वामींच्या कीर्तनांतून तुकोबांचे अभंग कानी पडले. बहिणाबाईंचे लाडके वासरू दगावल्यावर तर त्या अदृष्ट गुरूचा ध्यास अनावर झाला. तुकोबांचे देहू दूर, पती कर्मठ आणि कोपिष्ट. शूद्राचे शिष्यत्व त्यांना कसे मानवावे? अखेर शके १५६९ च्या कार्तिक वद्य पंचमीस तुकोबांनी स्वप्नात येऊन मस्तकी हात ठेवला, मंत्र दिला. खुद्द तुकोबांनाही त्यांचे गुरू बाबाजी यांचा उपदेश स्वप्नातच लाभला होता! जागृतीत जिला उंबरठा ओलांडणे दुर्घट, तिच्या स्वप्नाला मी भ्रम म्हणणार नाही. त्याच बळावर त्यांनी पतीचा कोप सोसला आणि आपली सारी कहाणी अभंगांत स्वतःच सांगितली.