मोंटोनेचे सूर्यघड्याळ

इटलीतील मोंटोने या छोट्या गावात जुलै 2023 मध्ये एका मराठी जवानाच्या नावाने सूर्यघड्याळ उभे राहिले. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे हे माणगाव तालुक्यातले. 10 जुलै 1944 रोजी सोबतचे सारे पडल्यावर त्यांनी एकट्याने मशिनगनचे ठाणे जिंकले आणि तेथेच ते धारातीर्थी पडले. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीत सुमारे 50,000 भारतीय लढले; 5,782 परतले नाहीत.

ब्रिटनमधल्या वृद्ध सैनिकांना 2004 पासून लॉटरीच्या निधीतून जुन्या रणभूमीवर स्मरणासाठी जाता आले. ती सोय तिथल्या रहिवाशांसाठी होती. आपल्या जिल्ह्यातल्या सैनिक टाकळीच्या म्हाताऱ्या जवानांसाठी नव्हती. आता ती पिढी जवळजवळ सरली.

पण वारणानगरात शिकलेले आपण कितीतरी जण, माझ्यासारखेच, सॉफ्टवेअरच्या कामासाठी युरोपला जातो. घाडगे यांची कबर नाही. त्यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या यादीत अनेक नावांपुढे वडिलांचे नाव आणि गावही सापडते. मित्रमैत्रिणींनो, निघण्याआधी त्या यादीत आपले गाव शोधा. सापडले, तर त्या घरच्यांच्या वतीने दोन फुले वाहून या.